पेपरांनी लोकांच्या हातात दिलेल्या लाकडी बोटी आणि आपल्याकडे शेडमधे कुजत पडलेल्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय, जागा नसेल तर मधलं कापा, पण शेवटची विनंती तेवढी छापा कारण त्यासाठीच लिहायला बसलोय. तुमच्या पेपरात क्रिकेट असतं, कबड्डी असते, हल्ली बॅडमिंटनलाही बरीच जागा मिळते, पण एवढा लांबलचक किनारा असलेल्या राज्यात शिडाच्या बोटींच्या रेसबद्दल वर्षानुवर्षं एक ओळ येत नाही, आणि आली तरी ती मेडल मिळालं एवढ्यापुरती. मला मेडलबद्दल लिहायचं नाहीये. मला लिहायचंय जुन्या लाकडी रेसिंग डिंगींबद्दल, म्हणजे दोघांनी चालवायच्या, दोघाचौघांनी उचलून पाण्यात सोडायच्या त्या छोट्या शिडाच्या बोटी, आणि त्यांचा तुमच्या धंद्याशी म्हणजे पेपरशी फार जवळचा संबंध आहे.

1956 साली लंडनमधे न्यूज क्रॉनिकल नावाचा पेपर निघायचा. त्यांनी जॅक होल्ट या डिझायनरची एक बोट पुढे आणली, एंटरप्राइज. लांबी 13 फूट 3 इंच, सगळी मरीन प्लायची म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडची, निळी शिडं, वजन साधारण 90-95 किलो. मुद्दा असा की ती बोट कुठल्या लॉर्डसाठी नव्हती, ऑफिसात नाहीतर कारखान्यात जाणाऱ्या माणसाने प्लॅन किंवा किट आणून घरच्या गॅरेजमधे बांधावी आणि रविवारी रेस करावी अशी होती. लोकांचा विश्वास बसावा म्हणून जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत रात्री दोन एंटरप्राइज इंग्लिश खाडी ओलांडून पलीकडे नेल्या, एवढ्याशा उघड्या बोटी! पुढे 1960 मधे तो पेपर बंद पडला, डेली मेलमधे गेला, आज तिथल्याही कितीजणांना त्याचं नाव माहीत असेल कोण जाणे, पण बोट मात्र थांबली नाही, आजवर 23,000 च्या वर एंटरप्राइज झाल्यात.

मग 1963 मधे डेली मिररने तेच केलं आणि अजून मोठ्या प्रमाणावर केलं. टीव्हीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल आणि पुन्हा तोच जॅक होल्ट, दोघांनी मिळून मिरर डिंगी केली, 10 फूट 10 इंच, लाल शिडं. प्लायचे कापलेले तुकडे कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना टाके घालून बांधायचे आणि सांध्यावर आतून-बाहेरून रेझिनमधे भिजवलेली फायबरची पट्टी चढवायची, झाली बोट. साचा नको, जहाजबांधणीचं शिक्षण नको. किटची किंमत तेव्हा 63 पौंड 11 शिलिंग होती आणि आजपर्यंत 70,000 च्या वर मिरर झाल्यात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजं करायची पद्धत शेकडो वर्षांची, आत्ता 2025 मधे नौदलात आलेली आयएनएसव्ही कौंडिण्य तशीच शिवलेली आहे आणि ती गोव्यात बांधली, त्यामुळे शिवलेली बोट म्हटल्यावर आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

त्याच्याही आधी 1947 मधे यॉटिंग वर्ल्ड या मासिकासाठी होल्टने लहान मुलांची कॅडेट केली होती. म्हणजे एक मासिक आणि दोन दैनिकं, आणि त्यांच्यामुळे लाखाच्या आसपास कुटुंबांना पाण्यावर जायला बोट मिळाली. वाचकांना कूपनवर डिनर सेट देणारे पेपर आपण पाहिलेत, बोट देणारा पेपर मी तरी इथे पाहिला नाही, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आता याचा मुंबईशी काय संबंध, तर आहे. 1982 चं एशियाड दिल्लीला झालं हे सगळ्यांना आठवतं, पण त्यातल्या शिडाच्या बोटींच्या रेस मुंबईत झाल्या होत्या हे विचारा कुणाला. फायरबॉल क्लासमधे (क्लास म्हणजे बोटीची जात) भारताच्या फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी गोल्ड मिळवलं आणि एंटरप्राइजचं गोल्ड पाकिस्तानच्या बैराम आणि गोशपी आवारी या नवरा-बायकोने कराचीला नेलं. याच मुंबईच्या पाण्यात! फायरबॉल ही पीटर मिल्न याची 1962 ची बोट, तीसुद्धा मुळात मरीन प्लायने घरी बांधता यावी अशीच काढलेली, नाकाला चपटी, क्रू म्हणजे दुसरा गडी डोलकाठीवरून आलेल्या ट्रॅपीझच्या तारेला लटकून अख्खं अंग बाहेर काढून बोट सपाट ठेवतो. म्हणजे ज्या दोन क्लासमधे मुंबईत ही दोन गोल्ड लागली ते दोन्ही गॅरेजमधे बांधायच्या बोटींचे. एंटरप्राइज तर आपल्याकडे पुढेही राहिली, खडकवासल्याला एनडीएत शिकणारी पोरं एंटरप्राइजवर रेस करतात.

आणि आता जे मनाला लागलंय ते सांगतो. मुंबई-पुण्याच्या आसपास एका संस्थेच्या आवारात (नाव घेत नाही, आता तिथे असलेल्या लोकांचा यात दोष नाही) जुन्या लाकडी डिंगी होत्या, शेडच्या मागे उलट्या टाकलेल्या, वर निळी ताडपत्री दोरीने करकचून आवळलेली. लोकांना वाटलं झाकून ठेवलंय म्हणजे जपलंय. दोन-तीन पावसाळ्यांनी ताडपत्री काढली तर आत बुरशी, प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले, आणि मग जागा हवी म्हणून करवत लावली. एक बोट वाचली ती आम्ही काही मित्र मागून घेऊन आलो म्हणून. मी जन्मभर सुतारकामाच्या हत्यारांत वावरलेला माणूस आहे, मला त्या तुकडे केलेल्या बोटींचं लाकूड बघून सांगता येत होतं की त्यातल्या निम्म्या तरी सहज उभ्या राहिल्या असत्या.

कारण लाकडी डिंगी एकदम मरत नाही, ती ठरलेल्या जागी मरते. ट्रॅन्झमची म्हणजे मागच्या आडव्या फळीची खालची कड, सेंटरबोर्डची (बोट आडवी सरकू नये म्हणून मधून पाण्यात सोडायच्या फळीची) पेटी जिथे कण्याला बसते तो सांधा, डोलकाठीचा पाय टेकतो ती जागा आणि बोट तरंगती ठेवणाऱ्या हवाबंद टाक्यांचे कोपरे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जायचं, चांगलं लाकूड खणखणीत बोलतं आणि कुजलेलं भद्द वाजतं, तिथे टोच्या टोचून बघायचा. खारं पाणी लाकडाचं फार वाईट करत नाही, मिठाने बुरशी दबून राहते, खरा शत्रू म्हणजे पावसाचं गोडं पाणी, ते एका कोपऱ्यात साचतं, वारा लागत नाही आणि लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कोकणात होड्या पावसाळ्यात वर ओढून झावळ्यांच्या झापांनी शाकारतात, त्यात पाणी बाहेर ओघळतं आणि वारा आतून खेळत राहतो, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत नेमकं उलटं होतं, आतली वाफ आतच थेंब होऊन पडत राहते. ज्याने झाप शोधला त्याला लाकूड कळत होतं.

आमच्या बोटीला पहिलं काम काय केलं असेल तर काहीच केलं नाही, सावलीत स्टँडवर ठेवली, सगळी झाकणं उघडली आणि वाळू दिली. लोकांना घाई असते, ओल्या बोटीवर बाहेरून फायबरग्लास चढवून मोकळे होतात, सगळ्यात वाईट रिपेअर कुठलं असं मला विचारलं तर हेच सांगेन, आतली ओल कोंडली जाते, वरून बोट चकचकीत आणि आत लाकडाचा चिखल. वाळल्यावर मग हीट गन आणि स्क्रॅपरने जुना रंग उतरवायचा. रंगाखाली काय निघेल याचा नेम नाही, कुठे कुणी लांबी (पुट्टी) भरून ठेवलेली, कुठे ठिगळ, कुठे एवढं सुंदर काम की ज्याने केलं त्याला भेटावंसं वाटतं.

कुजलेला भाग चौकोन कापून काढायचा आणि नवीन प्लाय बसवायचा, तो कडेला कड लावून बसवायचा नाही, दोन्ही कडांना रंध्याने उतार काढायचा, जाडीच्या आठपट, म्हणजे 6 मिमी प्लायला 48 मिमी, आणि उतारावर उतार चिकटवायचा. असा सांधा नीट जमला तर वाकवला तरी तिथे तुटत नाही. रंधा धारदार हवा, प्लायचे थर उतारावर पट्ट्यांसारखे दिसतात, त्या पट्ट्या सरळ समांतर आल्या की उतार एकसारखा झाला हे डोळ्यालाच कळतं, मोजायची गरज पडत नाही. आमच्या बरोबर कोकणातला होड्या बांधणारा एक म्हातारा मेस्त्री होता, त्याने आयुष्यात डिंगी पाहिली नव्हती पण त्याने पहिल्याच दिवशी त्या पट्ट्या बघून उतार कुठे चुकतोय ते सांगितलं, आणि सेंटरबोर्डच्या पेटीचा सांधा उघडायचा कसा हे तर आम्हा सगळ्यांपेक्षा त्याला जास्त कळत होतं.

प्लायबद्दल एक सांगायला पाहिजे. इंग्लंडात या बोटींना बीएस 1088 चा मरीन प्लाय वापरतात, बहुतेक आफ्रिकन ओकूमेचा, तो हलका असतो. आपल्याकडे किचन ट्रॉली करणारा प्रत्येक सुतार ज्याला 710 म्हणतो तो आयएस 710 चा मरीन प्लाय मिळतो, पाण्याला उत्तम टिकतो पण बऱ्यापैकी जड असतो. छोट्या ठिगळाला चालतो, अख्खा तळ बदलायचा असेल तर वजनाचा हिशोब आधी करावा, कारण रेसिंग बोट जड झाली की तिचा जीवच जातो. आणि प्लाय घेताना नुसता शिक्का बघू नका, कापलेली कड बघा, आतल्या थरांत पोकळी दिसली तर तो तुकडा बोटीला नको.

गोंदाचं पण तसंच. त्या काळच्या बऱ्याच बोटी युरिया फॉर्मल्डिहाइड जातीच्या गोंदाने जोडलेल्या, युद्धात मॉस्किटो विमानं ज्या एरोलाइटने चिकटवली तो त्याच जातीतला. इंग्लंडच्या थंडीत तो पन्नास-साठ वर्षं काढतो, आपल्या उन्हात आणि दमटपणात लवकर ठिसूळ होतो. सांध्यात गडद लालसर तपकिरी रेघ दिसली तर समजायचं रिसॉर्सिनॉल जातीचा गोंद आहे, तो पाण्याला पक्का, त्याला हात लावू नका. नवीन काम एपॉक्सीने (दोन भाग कालवून करायचा गोंद) करायचं आणि ते आपल्याकडे पावसाळ्यात करायचं नाही, हवेतल्या ओलीने वर मेणचट थर धरतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात मारला तर पापुद्रे सुटतात. एप्रिल-मे मधे उलटा त्रास, मगमधे कालवलेलं एपॉक्सी बघता बघता गरम होऊन दगड होतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ट्रेमधे ओतून वापरायचं. हातात ग्लोव्ह्ज आणि घासताना मास्क, यात आळस नको, एकदा एपॉक्सीची अॅलर्जी अंगात बसली की जात नाही. शेवटी वरून व्हार्निश किंवा रंग पाहिजेच कारण एपॉक्सीला ऊन सोसत नाही.

स्क्रू काढताना कळतं बोट किती समुद्रात राहिली. पितळेच्या स्क्रूमधलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, उरतो तो गुलाबीसर भुसभुशीत तांब्याचा सांगाडा, पिळला की मोडला. त्या जागी सिलिकॉन ब्राँझचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) स्क्रू घालायचा, महाग पडतो, पण एकदाच.

हे सगळं इतकं लिहिलं कारण लोकांना वाटतं हे म्युझियमवाल्यांचं काम आहे. यात असं एकही काम नाही जे आपल्या आयटीआयमधल्या सुतारकामाच्या पोराला दोन आठवड्यांत शिकवता येणार नाही. 

काहीजण म्हणतील फायबरच्या बोटी आल्या, आता लाकूड कशाला, आणि फायबरने खेळ स्वस्त आणि सोपा केला हे खरंच आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही, रोजच्या ट्रेनिंगला शंभर पोरं येत असतील तर फायबरच हवं. पण जुना फायबरचा हल म्हणजे बोटीचं अंग मऊ पडलं की ते कडक करणं जवळजवळ अशक्य, ते टाकून द्यावं लागतं आणि त्याचं करायचं काय हा जगभरचा प्रश्न आहे. लाकडी हल तुकड्या-तुकड्याने नवा होत राहतो. हॅम्पशायरमधे हॅम्बलला विमानं बनवणाऱ्या फेअरी कंपनीने युद्धानंतर बर्चचे पातळ थर साच्यावर चिकटवून मोठ्या भट्टीत उष्णतेने आणि दाबाने शेकून फायरफ्लाय बोटी काढल्या, डिझाइन उफा फॉक्सचं, साल 1946. 1948 च्या ऑलिंपिकला टॉर्कीच्या समुद्रात याच फायरफ्लायवर डेन्मार्कच्या विशीतल्या पॉल एल्वस्ट्रॉमने पहिलं गोल्ड घेतलं, मग सलग आणखी तीन ऑलिंपिकला गोल्ड घेतलं. त्या काळातल्या लाकडी फायरफ्लाय आजही पाण्यात उतरतात, रेस करतात. 

उफा फॉक्सचं नाव निघालंय तर एवढं सांगूनच पुढे जातो, 1928 मधे त्याची अॅव्हेंजर नावाची 14 फुटी लाकडी डिंगी 57 रेसना उतरली आणि 52 जिंकली. तिचा तळ असा काढलेला की वारा भरला की बोट पाणी कापत जायच्या ऐवजी पाण्यावर उचलून घसरत जायची, आज सगळ्या रेसिंग डिंगी जे करतात त्याची सुरुवात लोक तिच्यापासून मानतात.

इंग्लंडात क्लासिक अँड व्हिंटेज रेसिंग डिंगी असोसिएशन म्हणून संस्था आहे, गवतात, गोठ्यात, गॅरेजमधे पडलेल्या जुन्या रेसिंग डिंगी शोधायच्या, उभ्या करायच्या आणि रेस करायच्या हेच काम. वेगवेगळ्या वयाच्या आणि जातीच्या बोटी एकत्र धावू शकतात कारण प्रत्येक जातीला एक यार्डस्टिक नंबर असतो, लागलेला वेळ 1000 ने गुणायचा आणि त्या नंबरने भागायचा, त्यामुळे 1950 ची संथ बोट नीट चालवली तर नव्या वेगवान बोटीला हरवू शकते. मला ही गोष्ट फार आवडते, पैसे ओतून नवी बोट आणणारा आणि जुनी घासून उभी करणारा एकाच रेषेवरून सुटतात. आपल्याकडेही मुंबई हार्बरमधे सीबर्ड क्लासच्या लाकडी बोटी रेस करतात, पावसाळा संपला की गेटवेसमोर कुणीही उभं राहून बघावं, तेव्हा लाकडी बोट सांभाळायची अक्कल आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. त्या कील (तळाला कायमचा जड कणा) असलेल्या मोठ्या बोटी, क्लब सांभाळतो. डिंगीला वाली नाही एवढंच.

आणि चालवण्याबद्दल काय सांगू. लाकडी एंटरप्राइजमधे बसलं की पाणी ऐकू येतं, प्लायच्या तळावर लाट आपटते त्याचा आवाज बुडाखालून येतो आणि वारा वाढला की तो आवाज चढत जातो, मग एका क्षणी सगळा थरथराट थांबून नुसता सूं असा एकच सूर लागतो, तेव्हा बोट पाण्यावर उचललेली असते. सुकाणू हातात एकदम हलकं होतं. स्पिनेकर म्हणजे पुढचं मोठं फुगणारं शीड नाही, मागून वारा असला की जिब म्हणजे पुढचं छोटं शीड एका काठीने दुसऱ्या बाजूला ताणून धरायचं, पंख पसरल्यासारखं, आणि दोघांनी अंग सांभाळत बसायचं कारण या वेळी एंटरप्राइज डोलते आणि बेसावध माणसाला पाण्यात टाकते. आमच्यातल्या एकाची मुलगी, कॉलेजात आहे, जिने ट्रॅन्झम घासून घासून हाताला फोड आणले होते, तिला पहिल्यांदा सुकाणूवर बसवलं, ती एक शब्द बोलली नाही पण परत आल्यावर बोट धुवून, पुसून, झाकणं उघडून मगच घरी गेली, कुणी सांगितलं नव्हतं.

तर विनंती. तुमचा पेपर गावोगावी जातो, एक छोटी चौकट छापा की ज्यांच्या शाळेत, कॉलेजात, सी स्काउट किंवा सी कॅडेटच्या युनिटमधे, क्लबात, कंपनीच्या कॉलनीत, नाहीतर आजोबांच्या वाड्यात जुनी लाकडी शिडाची डिंगी पडलेली आहे त्यांनी फोटो आणि जागा कळवावी, शिडावर आकडा असेल तर तोही, कारण त्या नंबरावरून बोट कधीची ते बऱ्याचदा काढता येतं. एवढी यादी जरी झाली तरी पहिल्यांदाच कळेल महाराष्ट्रात काय उरलंय. मग किनारपट्टीवरच्या आयटीआयनी, म्हणजे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या, सुतारकामाच्या वर्गाला वर्षाला एक बोट प्रोजेक्ट म्हणून घ्यावी, होड्या बांधणाऱ्या मेस्त्र्यांना शिकवायला बोलवावं आणि रीतसर मानधन द्यावं, कारण त्यांच्याकडेही नवी लाकडी होडी बांधायचं काम कमी होत चाललंय आणि पोरं तो धंदा शिकत नाहीयेत. क्रीडा खात्याने आणि मेरीटाइम बोर्डाने मिळून प्लाय आणि एपॉक्सीचा खर्च उचलला तर तो एका नव्या इंपोर्टेड बोटीच्या मानाने फार थोडा येईल. उभी राहिलेली बोट मात्र त्या पोरांच्याच गावात राहिली पाहिजे, मुंबईला नेऊन काचेच्या पेटीत ठेवायची नाही.

यादी होईपर्यंत थांबू नका, ज्यांच्याकडे अशी बोट आहे त्यांनी एवढं आजच करा: ताडपत्री ढिली करा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, बोट जमिनीवरून वीतभर उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, टाक्यांची झाकणं आणि तळाचं बूच काढून ठेवा, आत साचलेला पाला झाडून टाका. आणि कुणी जागा हवी म्हणून करवत घेऊन आलाच तर त्याला आठवडाभर थांबवा आणि आम्हाला कळवा, ट्रेलर घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, अलिबाग